धाव कोणाच्या खात्यावर?

३० ऑक्टोबर २०२४ ची रात्र. न्यू यॉर्कच्या यँकी स्टेडियमवर बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना चालू होता. लॉस एंजेलिस डॉजर्स मालिकेत ३-१ ने पुढे होते, त्यामुळे यँकीज हरले असते तर सगळेच संपले असते. त्या रात्री मात्र सारे त्यांच्या मनासारखे चालले होते. चार इनिंग संपल्या तेव्हा फलकावर ५-० होते आणि त्यांचा पिचर गेरिट कोल याने एकही हिट दिलेला नव्हता.

पाचव्या इनिंगची सुरुवात किके हर्नांडेझच्या सिंगलने झाली. पुढच्या टॉमी एडमनने मारलेला चेंडू सेंटर फिल्डमध्ये थेट ॲरन जजकडे गेला. झेल सोपा होता, तो जजच्या ग्लव्हमधून निसटला. मग विल स्मिथचा ग्राउंडर शॉर्टस्टॉप अँथनी वोल्पीने नीट उचलला आणि तिसऱ्या बेसकडे फेकला, पण फेक आखूड पडली. तिन्ही बेस भरलेले आणि एकही आउट नाही. इथून कोलने गॅव्हिन लक्सला आणि पाठोपाठ शोहेई ओहतानीला स्ट्राइकआउट केले. आता एकच आउट हवा होता. मूकी बेट्सचा चेंडू घरंगळत पहिल्या बेसच्या बाजूला गेला. तो उचलायला अँथनी रिझो बेस सोडून आत आला होता. अशा वेळी पिचरने धावत जाऊन पहिला बेस गाठायचा असतो. हा धडा खेळाडूंकडून सरावात शेकडो वेळा घोटून घेतला जातो. कोल थोडा पुढे झाला, थांबला आणि रिझोला बेसकडे बोट दाखवत राहिला. बेट्स दोघांच्या आधी पोचला. एक धाव आली. फ्रेडी फ्रीमनच्या सिंगलवर दोन आल्या, टिओस्कर हर्नांडेझच्या डबलवर आणखी दोन. पाच-पाच. त्या एका इनिंगमध्ये कोलला ३८ चेंडू टाकावे लागले. पुढे डॉजर्सनी सामना ७-६ असा जिंकला आणि मालिकाही.

सामन्याच्या अधिकृत तक्त्यात कोलच्या नावापुढे लिहिले गेले ते असे: इनिंग ६ २/३, हिट ४, धावा ५, अर्न्ड रन ०.

पाच धावा दिल्या, आणि त्यांतली एकही त्याची नाही. बेसबॉलच्या दफ्तरात धावेचे दोन रकाने असतात. एक प्रत्यक्षात आलेल्या धावांचा, म्हणजे 'आर'चा. दुसरा त्यांपैकी किती धावांना पिचर जबाबदार, याचा, म्हणजे 'ईआर'चा. पहिला रकाना मैदानावर भरला जातो. दुसरा भरतो प्रेस बॉक्समध्ये बसलेला एक माणूस, ऑफिशियल स्कोअरर. तो हा रकाना कसा भरतो, कोणाला सोडतो आणि कोणाच्या माथी मारतो, हे पाहिले की हा खेळ दोषाचा विचार कसा करतो ते कळते.

क्रिकेटच्या बातमीदाराची देणगी

आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना ही व्यवस्था पहिल्यांदा चमत्कारिक वाटते. क्रिकेटमध्ये बाय आणि लेगबाय सोडले तर बाकीच्या जवळजवळ सगळ्या धावा गोलंदाजाच्याच नावावर जातात. शून्यावर स्लिपमध्ये सुटलेल्या फलंदाजाने पुढे शतक ठोकले तरी त्या शंभर धावांचा भार गोलंदाजावर. ओव्हरथ्रोचे चार? तेही त्याच्याच खात्यात. झेल सुटल्याचा उल्लेख बातमीत येतो, गप्पांत येतो. गोलंदाजाच्या पृथक्करणात येत नाही. गंमत अशी, की बेसबॉलमध्ये हा दोषाचा हिशेब सुरू करणारा माणूस मूळचा क्रिकेटचाच बातमीदार होता.

हेन्री चॅडविक १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरला जन्मला आणि १८३७ मध्ये कुटुंबाबरोबर अमेरिकेत, ब्रुकलिनला आला. तो क्रिकेट खेळायचा आणि वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटवरच लिहायचा. १८५६ मध्ये हडसन नदीपलीकडे होबोकेनच्या मैदानावर त्याने बेसबॉलचा एक चांगला सामना पाहिला आणि तो या खेळाच्या प्रेमात पडला. क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त त्याने बेसबॉलला लावली. आजच्या बॉक्स स्कोअरची घडण त्याची. स्ट्राइकआउटसाठी लिहिले जाणारे 'के' हे अक्षरही त्याचेच. त्याच्याच लेखणीतून १८६० च्या दशकात अर्न्ड रनची कल्पना पुढे आली: स्वच्छ खेळातून आलेली धाव वेगळी आणि समोरच्याच्या गलथानपणातून पदरात पडलेली धाव वेगळी.

त्या काळात ही फाळणी किती गरजेची होती, हे आज पटकन लक्षात येत नाही. खेळाडू ग्लव्हशिवाय उघड्या हातांनी क्षेत्ररक्षण करत, मैदाने खडबडीत होती, एका सामन्यात एररांचा, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुकांचा, ढीग पडे. सगळ्या धावा पिचरच्या नावावर मांडल्या असत्या तर त्या आकड्यावरून पिचर कसा आहे हे कळलेच नसते.

तरी अर्न्ड रनवर आधारलेली सरासरी अधिकृत व्हायला बराच काळ गेला. तोवर पिचरची किंमत जिंकलेल्या आणि हरलेल्या सामन्यांवरून ठरायची. मात्र सामन्याच्या मध्यात पिचर बदलण्याची पद्धत रुळली, तसे एकेका सामन्याचे श्रेय एकाला देणे अवघड झाले. नॅशनल लीगचे सचिव जॉन हायडलर यांच्या पुढाकाराने १९१२ मध्ये त्या लीगने आणि १९१३ मध्ये अमेरिकन लीगने 'अर्न्ड रन ॲव्हरेज', म्हणजे ईआरए, अधिकृत आकडेवारीत घेतली. सूत्र सोपे आहे. अर्न्ड रनना नऊने गुणायचे आणि टाकलेल्या इनिंगने भागायचे. नऊ इनिंगांच्या एका पूर्ण सामन्यात हा पिचर सरासरी किती धावांना जबाबदार ठरतो, ते दोन दशांश स्थळांपर्यंत मिळते.

भागाकार कोणीही करील. अवघड आहे ते भागाकाराच्या आधी.

न घडलेली इनिंग

मेजर लीगच्या नियमावलीत ९.१६ क्रमांकाचा नियम स्कोअररला एक विलक्षण काम सांगतो. घडलेल्या इनिंगमधून सगळे एरर आणि पास्ड बॉल (कॅचरच्या चुकीने सुटलेले चेंडू) वगळायचे आणि ते झालेच नसते तर इनिंग कशी गेली असती, हे मनातल्या मनात पुन्हा रचायचे. शंका आली तर तिचा फायदा नेहमी पिचरला द्यायचा. या कल्पनेतल्या इनिंगमध्ये जी धाव आलीच असती ती अर्न्ड, बाकीच्या अनअर्न्ड.

हिट, वॉक, पिचरचा चेंडू अंगावर बसून मिळालेला बेस, चोरलेला बेस, बंट, बॉक, वाइल्ड पिच यांतून आलेली धाव पिचरची. क्षेत्ररक्षकाच्या एररवर किंवा कॅचरच्या अडथळ्यामुळे बेस गाठलेल्या रनरची धाव पिचरची नाही. फाउलचा सोपा झेल सुटला आणि जीवदान मिळालेल्या बॅटरने नंतर हिट मारून धाव काढली, तर तीही नाही. इथवर सरळ आहे. पेच पडतो तो आउटच्या मोजणीत.

समजा, दोन आउट झाले आहेत. पुढच्या बॅटरचा सोपा ग्राउंडर शॉर्टस्टॉपच्या पायांतून निघून गेला. त्यानंतर पिचरला लागोपाठ तीन होमरन बसले. धावा चार, अर्न्ड शून्य. कारण कागदावर ती इनिंग शॉर्टस्टॉपपाशीच संपली. त्यापुढचे होमरन न घडलेल्या वेळात बसले. आता तोच एरर इनिंगच्या पहिल्याच बॅटरवर झाला आणि पाठोपाठ तेच तीन होमरन बसले असे धरा. एररवर आलेल्या रनरची धाव अनअर्न्ड, पण होमरनच्या तिन्ही धावा अर्न्ड. चूक तीच, होमरन तेच, फक्त आउटची संख्या वेगळी. पहिल्या पिचरची सरासरी उतरते, दुसऱ्याची चढते.

कोलच्या पाचव्या इनिंगला हाच हिशेब लावा. जजने झेल घेतला असता तर एक आउट. वोल्पीची फेक नीट गेली असती तर दोन. लक्सचा स्ट्राइकआउट तिसरा. कागदावर डॉजर्सची इनिंग तिथेच संपली. ओहतानीचा स्ट्राइकआउट हा जणू चौथा आउट होता, आणि बेट्स, फ्रीमन व टिओस्कर हर्नांडेझ यांनी जे काही केले ते कोलच्या ईआरएपुरते झालेच नाही. किके हर्नांडेझचा पहिला सिंगल अगदी स्वच्छ होता, तरीही त्याची धावसुद्धा अनअर्न्डच, कारण ती तिसऱ्या कागदी आउटनंतर आली.

स्कोअररला घाई करता येत नाही, तेही या नियमामुळेच. एक बॅटर वॉक मिळून पहिल्या बेसवर गेला, पास्ड बॉलमुळे दुसऱ्यावर सरकला आणि पुढच्या साध्या सिंगलवर घरी आला. पास्ड बॉल झाला नसता तर त्या सिंगलवर तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर थांबला असता, म्हणून धाव तूर्त अनअर्न्ड. पण त्याच इनिंगमध्ये, तिसरा आउट होण्याआधी, आणखी एक डबल बसला, तर तो रनर तसाही घरी आलाच असता. मग मघाची धाव अर्न्ड होते. पिचरला त्या धावेचा जाब द्यावा लागेल की नाही हे धाव आल्यानंतरच्या चेंडूंवर ठरते. म्हणून अनुभवी स्कोअरर इनिंग संपेपर्यंत हा रकाना कच्चाच ठेवतात.

यात बदली पिचर आला की आणखी एक गाठ पडते. दोन आउट असताना एरर झाला, पिचर बदलला आणि नव्या पिचरला पहिल्याच चेंडूवर होमरन बसला. संघाच्या हिशेबात इनिंग आधीच संपलेली, म्हणून दोन्ही धावा अनअर्न्ड. पण नव्या पिचरला आपण येण्याआधीच्या चुकांचा आधार घेता येत नाही. होमरन मारणाऱ्याची धाव त्याच्या वैयक्तिक खात्यावर अर्न्ड म्हणून चढते. त्यामुळे कधी कधी पिचरांच्या अर्न्ड रनची बेरीज संघाच्या एकूण अर्न्ड रनपेक्षा जास्त भरते. बेरीज चुकलेली नसते, नियमच तसा आहे.

हात चुकला की डोके?

हा सगळा डोलारा उभा आहे तो एका प्रश्नावर: एरर कशाला म्हणायचे? नियमावलीचे माप आहे ते 'सामान्य प्रयत्ना'चे. त्या पातळीच्या लीगमध्ये, त्या जागेवर खेळणाऱ्या सरासरी कौशल्याच्या खेळाडूने, मैदानाची आणि हवेची स्थिती लक्षात घेता, जो प्रयत्न करायला हवा, तो. तेवढ्या प्रयत्नात आउट मिळायला हवा होता आणि मिळाला नाही, तर एरर. झेप घेऊनही चेंडू सुटला तर हिट. चेंडूला हात लागलाच पाहिजे अशी अट नाही. समोर पडणारा सोपा झेल न घेता नुसता पाहत राहिला, तरी एरर देता येतो.

पण हात आणि डोके यांत नियम फरक करतो. चुकीच्या बेसवर फेकणे, आउट किती झाले ते विसरणे, चेंडू उचलायला वेळ लावणे, बेसवर जायचे राहून जाणे या निर्णयाच्या चुका. त्यांना एरर नाही. म्हणून बेट्सच्या त्या चेंडूवर कोलच्या नावावर एरर लागला नाही. बेट्सला हिट मिळाला. जजची आणि वोल्पीची चूक हाताची होती, ती नोंदली गेली. कोलची चूक डोक्याची होती, तिची नोंद कुठेच नाही.

वरवर हा पक्षपात वाटतो, पण त्यामागे एक तर्क आहे. हात चुकला हे डोळ्यांना दिसते. डोके कुठे आणि किती चुकले, याचा अंदाज करायला बसले तर त्याला अंत नाही. शिवाय एरर नाही म्हणजे हिट, आणि हिट म्हणजे बहुधा अर्न्ड रन. त्यामुळे पिचरच्या डोक्याची चूक एरवी त्याच्याच ईआरएवर येऊन पडते. जज आणि वोल्पी चुकले नसते, तीच वेळ दुसऱ्या मार्गाने आली असती, तर बेस न गाठल्याची पुरेपूर किंमत कोलने मोजली असती. अडचण अशी, की सेंटर फिल्डरचे डोके चुकले तरी ती किंमत पिचरच मोजतो.

याच्या उलटही घडते. पिचरने स्वतः चेंडू उचलून पहिल्या बेसच्या डोक्यावरून भिरकावला, तर तो एरर इतर कोणत्याही क्षेत्ररक्षकाच्या एररसारखाच धरतात. म्हणजे स्वतःच्याच हाताने केलेल्या चुकीतून आलेली धाव त्याच्या अर्न्ड रनमध्ये येत नाही. पिचर म्हणून तो सुटतो, क्षेत्ररक्षक म्हणून सापडतो.

डबल प्लेचे, म्हणजे एकाच चेंडूवर दोन आउट मिळवण्याचे, गणितही असेच सूक्ष्म आहे. दुसरा आउट मिळवायच्या प्रयत्नातली फेक वाकडी गेली आणि रनरला जादा बेस मिळाला नाही, तर एरर नाही. डबल प्ले गृहीत धरायचा नसतो. पण चांगली फेक हातात येऊन सुटली, आणि ती धरली असती तर डबल प्ले पुरा झाला असता, तर ज्याच्या हातून सुटली त्याला एरर.

कॅचर आणि पिचर यांच्यातली रेषा सर्वांत नाजूक. चेंडू कॅचरला सामान्य प्रयत्नात धरता येण्याजोगा होता आणि सुटला, तर पास्ड बॉल, दोष कॅचरचा. तो फार उंच, फार बाहेर किंवा फार खाली होता, किंवा आधी जमिनीवर टप्पा पडला, तर वाइल्ड पिच; दोष पिचरचा. नकलबॉल टाकणाऱ्या पिचरपुढे बसणाऱ्या कॅचरचे यात फार हाल होतात, कारण तो चेंडू कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. १९८७ मध्ये टेक्सास रेंजर्सच्या जिनो पेट्राली याच्या नावावर ३५ पास्ड बॉल लागले. तो बहुतांश चार्ली हफच्या नकलबॉलचा प्रसाद होता.

बाकावर बसलेल्याचा हिशेब

पास्ड बॉल की वाइल्ड पिच, याने काय बिघडते? याचे उत्तर बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या एररच्या काही चेंडू आधी मिळते.

२५ ऑक्टोबर १९८६, न्यू यॉर्कचे शे स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. बोस्टन रेड सॉक्स मालिकेत ३-२ ने पुढे होते आणि दहाव्या इनिंगच्या पहिल्या अर्ध्यात त्यांनी ५-३ अशी आघाडी घेतली. १९१८ नंतरचे पहिले विजेतेपद हाताशी आले होते. समोरच्या न्यू यॉर्क मेट्सचे पहिले दोन बॅटर बोस्टनचा पिचर कॅल्व्हिन शिराल्डी याने आउट केले. मग गॅरी कार्टर, केव्हिन मिचेल आणि रे नाइट यांचे लागोपाठ तीन सिंगल. कार्टर घरी आला: ५-४. मिचेल तिसऱ्या बेसवर, नाइट पहिल्यावर. शिराल्डीला काढून बॉब स्टॅन्लीला आणले.

समोर मूकी विल्सन. स्टॅन्लीचा एक चेंडू विल्सनच्या पायांकडे आत आला, अंग चुकवायला विल्सनने उडी मारली आणि कॅचर रिच गेडमनचा ग्लव्ह पोचायच्या आत चेंडू मागे गेला. मिचेल घरी आला: ५-५. नाइट दुसऱ्या बेसवर. त्याच बॅटिंगमध्ये विल्सनचा ग्राउंडर पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून निघून गेला आणि नाइटने जिंकून देणारी धाव काढली. बकनर बावीस हंगाम खेळला, त्याने २,७१५ हिट मारले. लोकांच्या लक्षात राहिला तो हा एक चेंडू.

आता हिशेब. तिन्ही रनर शिराल्डीच्याच चेंडूंवर बेसवर आले होते, म्हणून त्यांच्या धावाही शिराल्डीच्या. कार्टरची धाव निर्विवाद अर्न्ड. नाइटची धाव बकनरच्या एररवर आलेली, अनअर्न्ड. मधली मिचेलची धाव कोणती? स्कोअररने गेडमनच्या मागे गेलेल्या चेंडूला वाइल्ड पिच ठरवले. म्हणून ती धाव एररच्या आधी, पिचरच्या दोषातून आलेली: अर्न्ड. तोच चेंडू पास्ड बॉल ठरला असता तर काय झाले असते? कागदी इनिंगमध्ये मिचेल तिसऱ्या बेसवरच राहिला असता, विल्सनचा ग्राउंडर बकनरने धरला असता, तिसरा आउट, इनिंग समाप्त. मिचेलची धावही अनअर्न्ड.

चेंडू स्टॅन्लीने टाकला, सुटला गेडमनकडून, आणि तो कसा सुटला याचा निकाल लागला डगआउटमधल्या बाकावर बसलेल्या शिराल्डीच्या ईआरएवर. आधीच्या इनिंगमधली एक अर्न्ड धाव धरून तक्त्यात शिराल्डीच्या नावापुढे ४ धावा आणि ३ अर्न्ड रन आहेत, पराभवही त्याच्याच नावावर. स्टॅन्लीच्या नावापुढे धावा शून्य. तो चेंडू गेडमनने अडवायला हवा होता का, यावर बोस्टनमध्ये वर्षानुवर्षे वाद चालला. तक्त्यातला आकडा मात्र तेव्हा पडला तो आजही तसाच आहे.

प्रेस बॉक्समधला निवाडा

हे निवाडे देणारा माणूस कोण असतो? कित्येक दशके तो वार्ताहर असायचा. संघाबरोबर फिरणाऱ्या, त्याच शहरातल्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराला लीग थोडे मानधन देऊन स्कोअरर नेमायची. दुपारी एखाद्या खेळाडूला एरर द्यायचा आणि संध्याकाळी त्याच्याच कपाटापाशी जाऊन मुलाखत मागायची, अशी ही कसरत. हितसंबंधांचा प्रश्न उघड होता. १९८० च्या सुमारास एकेक मोठ्या वर्तमानपत्राने आपल्या बातमीदारांना हे काम करायला मनाई केली. आता मेजर लीग प्रत्येक शहरासाठी स्वतंत्र स्कोअरर नेमते.

एकाच चेंडूचा निवाडा तीन खात्यांवर उतरतो. हिट म्हटले तर बॅटरची सरासरी वाढते, क्षेत्ररक्षक सुटतो, पिचरचा ईआरए चढतो. एरर म्हटले तर बॅटरचा हिट जातो, क्षेत्ररक्षकाला डाग लागतो, पिचर सुटतो. तिघांनाही खूश करणारा निवाडा नसतोच. प्रेस बॉक्सच्या ध्वनिक्षेपकावर 'ई-६' असे दोन शब्द उच्चारले, की शॉर्टस्टॉपला एरर लागला हे सगळ्यांना कळते आणि कोणीतरी नाराज होते.

मोठी नाराजी १९२२ मध्ये झाली. न्यू यॉर्कमधल्या एका सामन्यात टाय कॉबच्या ग्राउंडरला अधिकृत स्कोअरर जॉन कीरन यांनी एरर ठरवले. वृत्तसंस्थेसाठी तक्ता पाठवणाऱ्या फ्रेड लीब यांनी हिट. हंगामाच्या शेवटी अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी लीब यांचा हिट धरला आणि कॉबची सरासरी .४०१ झाली. तो हिट नसता तर ती .४०० च्या खाली राहिली असती. अधिकृत स्कोअररचा निवाडा डावलला म्हणून बातमीदारांनी निषेध केला, पण .४०१ तशीच राहिली.

आज अशा वादांना रीतसर वाट आहे. स्कोअरर आपला निवाडा सामना संपल्यापासून २४ तासांत बदलू शकतो. खेळाडूला किंवा क्लबला तो मान्य नसेल तर ७२ तासांच्या आत लीगच्या कार्यालयाकडे दाद मागता येते. ९ मे २०१४ रोजी टेक्सासच्या यू दार्विशविरुद्ध बोस्टनच्या डेव्हिड ऑर्टीझने उंच मारलेला चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मध्ये पडला, कोणाचाही हात न लागता. स्कोअररने राइट फिल्डर ॲलेक्स रियोसला एरर दिला. ऑर्टीझने दाद मागितली आणि लीगने काही दिवसांत तो हिट ठरवला. दोन वर्षे आधी पिचर आर. ए. डिकीने एकच हिट दिलेल्या सामन्यातला तो हिट एरर ठरवावा, असा अर्ज मेट्सने केला होता. तो फेटाळला गेला.

अंपायरच्या निर्णयाविरुद्ध जाणारा निवाडा स्कोअररला देता येत नाही. आउट की सेफ हे अंपायर सांगतो. ते का आणि कोणामुळे, हे स्कोअरर सांगतो.

दोन धावांची किंमत

या निवाड्यांवर केवढे विक्रम उभे असतात, याचा एक नमुना वॉशिंग्टनच्या वॉल्टर जॉन्सनचा. १९१३ चा त्याचा ईआरए कित्येक वर्षे १.०९ छापला जायचा. हंगामाचा शेवटचा सामना दोन्ही संघांनी थट्टामस्करीत खेळला होता. त्यात जॉन्सन मुख्यतः आउटफिल्डमध्ये उभा होता. मध्येच तो पिचिंगला आला, दोन हिट दिले आणि परत आउटफिल्डमध्ये गेला. त्याने बेसवर सोडलेले ते दोन रनर नंतर घरी आले. पुढे संशोधकांनी जुनी दफ्तरे तपासली, तेव्हा त्या दोन धावा जॉन्सनच्या खात्यावर चढल्या. ३४६ इनिंगांत ४२ चे ४४ अर्न्ड रन झाले आणि १.०९ चा आकडा १.१४ झाला.

फरक किरकोळ वाटेल. पण १९६८ मध्ये सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने १.१२ चा ईआरए नोंदवला होता. जॉन्सनचा आकडा १.०९ असता तर गिब्सन त्याच्या मागे, १.१४ झाल्यावर पुढे. दोघेही एक चेंडू न टाकता जागा बदलून बसले. गिब्सनच्या त्या वर्षाचाही दुसरा रकाना पाहण्याजोगा आहे: अर्न्ड रन ३८, प्रत्यक्ष धावा ४९. अकरा धावा आल्या, हिशेबातून वगळल्या गेल्या.

२०२० पासून या हिशेबात एक नवाच रनर शिरला. बरोबरी सुटावी म्हणून जादा इनिंगच्या सुरुवातीलाच दुसऱ्या बेसवर एक रनर उभा केला जातो. २०२३ मध्ये हा नियम नियमित हंगामासाठी कायम झाला. प्रेक्षक त्याला गमतीने 'घोस्ट रनर' म्हणतात. त्याला तिथे पिचरने पाठवलेले नसते, म्हणून त्याची धाव अनअर्न्ड धरतात, जणू तो एररवर आला आहे. फक्त हा एरर कोणाच्याच नावावर लागत नाही. पिचर सामना हरू शकतो आणि त्याचा ईआरए जागचा हलत नाही.

दोन्ही रकाने

या पद्धतीवरचा सर्वांत टोकदार आक्षेप एररवर नाही, एरर न दिलेल्या चेंडूंवर आहे. चपळ शॉर्टस्टॉप लांबचा चेंडू गाठतो आणि हातातून सुटला तर एरर घेतो. मंद शॉर्टस्टॉप त्या चेंडूपर्यंत पोचतच नाही, तो हिट ठरतो आणि धाव पिचरच्या माथी. म्हणजे ईआरए पिचरला क्षेत्ररक्षकांच्या चुकांपासून वाचवतो, त्यांच्या मर्यादांपासून नाही. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकनने त्याहून पुढचा मुद्दा मांडला: मैदानात मारलेल्या चेंडूचा हिट होतो की आउट, यावर पिचरचा ताबा लोक समजतात त्यापेक्षा फारच कमी असतो. स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन एवढ्याच गोष्टी खऱ्या अर्थाने त्याच्या हातात. त्यातून 'एफआयपी' हा आकडा पुढे आला. आज पिचरांचे मूल्यमापन करणाऱ्या दोन प्रमुख पद्धतींपैकी फॅनग्राफ्स या संकेतस्थळाची एफआयपीवर उभी आहे. बेसबॉल-रेफरन्स या दुसऱ्या संकेतस्थळाची सगळ्या धावा धरते आणि संघाच्या क्षेत्ररक्षणाचा हिशेब वेगळा वजा करते. अर्न्ड-अनअर्न्डची चाळणी दोघीही वापरत नाहीत.

मग ही चाळणी टाकून द्यावी का? माझे मत नाही असे आहे. एफआयपी हंगामाभराचा अंदाज देतो. एका रात्री काय घडले आणि त्यात कोणाचा वाटा किती, हे सांगायला तो अपुरा पडतो. अर्न्ड रनची नोंद नेमके तेच सांगायचा प्रयत्न करते, आणि तिचा एक गुण नव्या आकड्यांत कमी आढळतो: तिचा निवाडा एका माणसाने केलेला आहे हे ती लपवत नाही. तो बदलण्याची मुदत ठरलेली आहे, दाद मागण्याची सोय आहे, आणि शंकेचा फायदा कोणाला द्यायचा हे आधीच लिहून ठेवलेले आहे. दोष मात्र तिचा खराच आहे. ती हाताची चूक पकडते, डोक्याची सोडून देते आणि उरलेले पिचरच्या पदरात टाकते. म्हणून कोलच्या त्या रात्रीला तक्त्यातला शून्य पूर्ण न्याय देत नाही. पहिल्या बेसकडे तो धावला असता तर पाचही धावा टळल्या असत्या.

तेव्हा परदेशी असा वा इथे, मोबाइलवर मेजर लीगचा तक्ता उघडाल तेव्हा ईआरए जरूर वाचा, पण त्याच ओळीतला 'आर'चा रकाना आधी पाहा. दोन आकड्यांत मोठे अंतर दिसले तर त्या सामन्याची इनिंगवार नोंद उघडा आणि पिचरला कोणी बुडवले, कोणी वाचवले, ते स्वतः ठरवा. स्कोअररचा निवाडा अधिकृत असतो. तो तुम्हाला पटलाच पाहिजे असे नियमावलीत कुठेही लिहिलेले नाही.